गुडघ्याची नवी गोळी घेण्याआधी पिशवीतल्या जुन्या गोळ्या पाहा

मापटं
बीपी आणि शुगर असलेल्या साठीपुढच्या माणसाला वर्षभरात गुडघेदुखी, सर्दी, छातीत जळजळ, जुलाब, लघवीची आग यांतलं काही ना काही होतंच. अशा वेळी एकच विचारलं जातं : "यावर चांगली गोळी कुठली?" माझ्या मते हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न असा की या माणसाच्या पिशवीत आधीच काय आहे, आणि किडनी किती काम करते आहे.

चर्चेसाठी एक नमुना मांडतो. ६८ वर्षांच्या बाई, वजन ५५ किलो. पिशवीत बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ यांची जोडगोळी. शुगरसाठी ग्लिमेपिराइड १, मेटफॉर्मिन ५०० एसआर (सावकाश सुटणारं) आणि व्होग्लिबोज ०.२ अशी तिहेरी गोळी जेवणाआधी दोन वेळा. रात्री अ‍ॅटोरव्हास्टॅटिन १०, कोलेस्टेरॉलसाठी. आणि सकाळी गॅस-आम्लासाठी पँटोप्रॅझोल-डोम्पेरिडोनची कॅप्सूल, तीन वर्षं न चुकता. किडनीसाठीच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन १.३. बऱ्याच लॅबच्या छापील मर्यादेत हा आकडा बसतो किंवा जेमतेम बाहेर जातो, त्यामुळे त्यावर कुणाची नजर थांबत नाही.

आता गुडघा दुखतो म्हणून दुकानातून अ‍ॅसिक्लोफिनॅक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५ ची पट्टी येते. दिवसाला दोन, दहा दिवस. ही निवड मला धोक्याची वाटते. तुम्ही काय निवडाल, आणि का? डोस आणि कारण दोन्ही लिहा.

नाचणी
चांगला नमुना घेतलात. आधी तो १.३ उलगडते. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, त्यामुळे तोच आकडा दोन माणसांत दोन गोष्टी सांगतो. ३० वर्षांच्या पुरुषाचं १.३ असेल तर ईजीएफआर (किडनी किती वेगाने गाळते याचा अंदाज) सुमारे ७५ येतो. तुमच्या ६८ वर्षांच्या बाईंचा, २०२१ च्या सीकेडी-ईपीआय या ईजीएफआर काढायच्या सूत्राने, ४५ च्या आसपास. म्हणजे गाळणी निम्म्यावर आलेली आहे आणि कागद मात्र "जवळजवळ नॉर्मल" म्हणतोय. औषध निवडताना ईजीएफआर मागा. लॅबने छापला नसेल तर वय, लिंग आणि क्रिएटिनिन घातलं की तो निघतो.

आता अ‍ॅसिक्लोफिनॅक नको का? किडनीतल्या प्रत्येक गाळणीला रक्त आत आणणारी एक नळी असते आणि बाहेर नेणारी एक. गाळायला दाब लागतो. शरीरातली प्रोस्टाग्लँडिनं नावाची रसायनं आतली नळी उघडी ठेवतात. अ‍ॅसिक्लोफिनॅक, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ही सगळी प्रोस्टाग्लँडिनंच बंद करतात, म्हणून आतली नळी आवळते. टेल्मिसार्टन बाहेरची नळी सैल करतं. हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे पाणी आणि मीठ काढतं, म्हणजे मुळात पुरवठाच कमी. तिन्ही एकदम झालं की गाळणीतला दाब कोसळतो. प्रत्येक औषध एकेकटं सोसतं, तिघं मिळून सोसत नाही. हा धोका एकत्र घेण्याच्या पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त असतो, म्हणून "दहाच दिवस तर घ्यायचीय" या बोलण्याला अर्थ नाही. जुलाब, उलट्या, मे महिन्याचं ऊन, वारीतली चाल, कडक उपास, यांत पाणी कमी पडलं की आणखी वाईट.

लक्षणं उशिरा येतात : लघवी कमी, पावलांवर सूज, आणि बीपी विनाकारण वाढलेलं. या तिसऱ्या गोष्टीमुळे पुष्कळदा बीपीचीच गोळी वाढवली जाते आणि दुखण्याच्या गोळीकडे कुणी बघत नाही.

करवंद
मग एटोरिकॉक्सिब ही दुखण्याची दुसरी गोळी द्या की. पोटाला त्रास नाही.

नाचणी
करवंद, पोटाला कमी त्रास हे खरं. किडनीच्या बाबतीत ती त्याच घरातली आहे. शिवाय बीपी १४०/९० च्या वर असेल आणि आटोक्यात नसेल तर एटोरिकॉक्सिब द्यायचीच नाही, असं युरोपातल्या माहितीपत्रकात लिहिलेलं आहे. याच कुळातलं रोफेकॉक्सिब हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४ मध्ये जगभर मागे घेतलं गेलं.

घाटमाथा
थोडं विषयांतर होईल, पण किडनी आणि डायक्लोफिनॅक म्हटलं की गिधाडं आठवतात. गुरांना हे औषध टोचलेलं असे, ती गुरं मेली की गिधाडं खात, आणि गिधाडांची किडनी निकामी होऊन ती काही दिवसांत मरत. भारतात २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅक बंद झालं. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची बाटली ३ मिलीपुरती केली. अ‍ॅसिक्लोफिनॅक गाईगुरांच्या शरीरात जाऊन डायक्लोफिनॅकच बनतं, त्यामुळे २०२३ मध्ये तेही जनावरांसाठी बंद झालं. रायगडात म्हसळा-श्रीवर्धनकडे गिधाडं टिकावीत म्हणून अजून धडपड चालू आहे.

दशमी
घाटमाथा, हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

मूळ प्रश्नाकडे. गुडघ्याला पहिली निवड म्हणून मी डायक्लोफिनॅकचं जेल म्हणेन. औषध तेच, पण तोंडाने घेतल्यावर जेवढं रक्तात जातं त्याच्या साधारण ६ टक्केच कातडीतून पोचतं. गुडघा, हात असे कातडीच्या जवळचे सांधे असतील तर गुण येतो; कंबर आणि खुबा खोल असतात, तिथे नाही.

लोक म्हणतात "जेलने काही होत नाही", त्याचं कारण मात्रा. एका गुडघ्याला एका वेळी ४ ग्रॅम, दिवसातून चार वेळा, हा १ टक्का जेलचा पूर्ण डोस. ४ ग्रॅम म्हणजे ट्यूबमधून काढलेली जवळजवळ चार-साडेचार इंचांची पट्टी. ३० ग्रॅमची ट्यूब अशा सात-आठ वेळांत संपते, दोन दिवससुद्धा जात नाहीत. आपल्याकडे तीच ट्यूब घरात दीड महिना पुरवतात. वाटाण्याएवढं बोटावर घेऊन जोरात रगडलं की गरम वाटतं ते रगडण्याने, औषधाने नव्हे. हलक्या हाताने गुडघ्याच्या सगळ्या बाजूंना लावा, सुकू द्या, नंतर हात धुवा. त्यावर शेक नको, आवळपट्टी नको, फाटलेल्या कातडीवर नको. दोन आठवडे नीट लावल्याशिवाय निकाल देऊ नका.

इतकं जेल दोन्ही गुडघ्यांना महिनोन्‌महिने लावायचं असेल, तर ईजीएफआर ४५ असलेल्या माणसाने डॉक्टरांना ते सांगून ठेवावं. ६ टक्के म्हणजे शून्य नव्हे.

मापटं
दशमी, ट्यूबचा हिशेब फार उपयोगाचा. जोडीला पॅरासिटामॉल?

दशमी
हो, लागेल तेव्हा ६५० ची एक, दोन डोसांत किमान सहा तास, दिवसाला तीनच. म्हणजे १९५० मिलीग्रॅम. निरोगी मोठ्या माणसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम सांगतात, पण कमी वजन, कमी जेवण, दारू किंवा यकृताचा त्रास असेल तर २ ते ३ ग्रॅमच्या आत राहावं. खरी चूक मोजणीत होते. सर्दीच्या गोळीत ३२५ किंवा ५००, अंगदुखीच्या जोडगोळीत ३२५, वर तापाची ६५०. तीन वेगळ्या नावांच्या पट्ट्या, आत एकच औषध.

पाणकणीस
पॅरासिटामॉलबद्दल थोडं असहमत. गुडघ्याच्या झिजेत त्याचा फायदा फार थोडा, हे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात दिसलंय. सुरक्षित आहे म्हणून द्यावं हे बरोबर, पण त्याच्या भरवशावर माणूस व्यायाम टाळणार असेल तर नुकसान. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद हा गुडघ्याचा खरा आधार. खुर्चीत ताठ बसून एक पाय समोर सरळ करायचा, ५ ते १० सेकंद धरायचा, सावकाश खाली. दहा वेळा, दिवसातून दोनदा, दोन्ही पाय. व्यायामाने थोडं दुखणं चालेल. दुसऱ्या दिवशी सूज आली तर निम्मं करा. सहा ते आठ आठवडे लागतात. आणि भारतीय बैठकीचं शौचालय असेल तर कमोडची खुर्ची, हे कुठल्याही गोळीपेक्षा आधी.

दशमी
पाणकणीस, मान्य. ज्याला उपयोग होत नाही त्याने रोज घेऊ नये, हे मी लिहायला हवं होतं.

खलबत्ता
औषधाच्या दुकानातल्या काउंटरच्या अलीकडून थोडं लिहितो, कारण पिशवी उघडली तरी ती वाचता यायला हवी.

ब्रँडच्या नावाच्या शेवटची अक्षरं वाचा. बीपीच्या गोळीमागे "एच" म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, "सीटी" बहुधा क्लोरथॅलिडोन, "एएम" अ‍ॅम्लोडिपिन. शुगरच्या गोळीमागे "एम" मेटफॉर्मिन, "व्ही" व्होग्लिबोज. दुखण्याच्या गोळीमागे "पी" पॅरासिटामॉल, "एसपी" म्हणजे त्यात सेराशिओपेप्टिडेझही. गॅसच्या कॅप्सूलमागे "डी" डोम्पेरिडोन, "एल" असेल तर बहुधा लिव्होसल्पिराइड. पण सर्दीच्या गोळीमागचा "डी" म्हणजे नाक मोकळं करणारं औषध, जे बीपी वाढवतं. "एमआर" तर दोन अर्थांनी येतं : दुखण्याच्या गोळीत स्नायू सैल करणारं औषध, शुगरच्या ग्लिक्लाझाइडमध्ये सावकाश सुटणारी गोळी. म्हणून अक्षरावर थांबू नका. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत पूर्ण घटक आणि मिलीग्रॅम छापलेले असतात, ते वाचा. फोनने फोटो काढून मोठा केला की दिसतात.

डाव्या बाजूची उभी लाल रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही असं औषध. तिसऱ्या पिढीतल्या सेफिक्झाइमसारख्या अँटिबायोटिक्ससाठी २०१४ पासून दुकानदाराने वेगळी नोंदवही ठेवायची असते.

आणि एक विनंती. पट्टीतल्या चार गोळ्या कापून घेताना नाव आणि एक्स्पायरी असलेलं टोक कुणाकडे गेलं ते बघा. तुमच्या तुकड्यावर दोन्ही नसेल तर बिल त्याच तुकड्याला रबराने गुंडाळा. पिशवीत सर्वांत जास्त घोटाळा या अनामिक तुकड्यांनी होतो.

करवंद
आमच्याकडच्या पिशव्यांच्या तळाशी उघडलेली डोळ्यांची बाटलीही हमखास सापडते, कुठल्या दिवाळीतली ते बाटलीलाच माहीत!

खलबत्ता
:) बहुतेक थेंब उघडल्यापासून २८ दिवसांनी टाकायचे. उघडल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहा.

गवतीचहा
खलबत्ता यांनी लिव्होसल्पिराइड लिहिलं, त्यावर थांबायलाच हवं. गॅससाठी म्हणून ही कॅप्सूल महिनोन्‌महिने चालते. वयस्कर माणसात त्याने हात कापणं, चाल मंदावणं, चेहरा थिजल्यासारखा होणं असं पार्किन्सनसारखं चित्र तयार होऊ शकतं. ते ओळखलं नाही तर पार्किन्सनची गोळी सुरू होते. कॅप्सूल बंद केल्यावर बऱ्याच जणांत काही आठवड्यांत ते ओसरतं. नव्याने कंप सुरू झालेल्या प्रत्येक वयस्कराच्या पोटाच्या गोळीचं नाव आधी बघा.

डोम्पेरिडोनचंही तसंच. युरोपच्या औषध संस्थेने २०१४ मध्ये त्याचा वापर मळमळ-उलटीपुरता, दिवसाला ३० मिलीग्रॅमपर्यंत आणि साधारण एक आठवडाच असा मर्यादित केला, कारण हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते आणि साठीपुढे धोका जास्त. आपल्याकडच्या कॅप्सूलमध्ये ते ३० च असतं. या बाई ते तीन वर्षं घेताहेत. त्यात घसा धरला म्हणून क्लॅरिथ्रोमायसिन मिळालं तर डोम्पेरिडोनची पातळी वाढते, लयीचा धोकाही वाढतो, आणि अ‍ॅटोरव्हास्टॅटिन साचून स्नायू दुखायला लागतात. एक अँटिबायोटिक, पिशवीतल्या दोन औषधांशी भांडण.

मापटं
मग पँटोप्रॅझोलही बंदच करावं का?

पाणकणीस
एकदम नको. आधी विचारा, ते सुरू कशासाठी झालं. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, रक्त पातळ करणारी गोळी, पूर्वीचा अल्सर यांपैकी काही असेल तर पँटोप्रॅझोल हवंच. तिथे "रोज पीपीआय (आम्ल कमी करणारी पँटोप्रॅझोलसारखी गोळी) वाईट" म्हणून बंद करणं म्हणजे रक्तस्रावाला बोलावणं. (क्लोपिडोग्रेल असेल तर ओमेप्रॅझोल-एसोमेप्रॅझोलऐवजी पँटोप्रॅझोल, कारण पहिली दोन क्लोपिडोग्रेलला यकृतात सक्रिय होऊ देत नाहीत.)

या बाईंच्या पिशवीत तसं काही दिसत नाही. बहुधा कधीतरी दुखण्याच्या गोळीसोबत "पोटाला संरक्षण" म्हणून आली आणि राहून गेली. अशा वेळी डॉक्टरांना विचारून डोम्पेरिडोनशिवायची ४०, मग २० ची गोळी दोन ते चार आठवडे, नंतर लागेल तेव्हा. ४० ची मोडून २० करू नये. गोळीवरचं आवरण फुटलं की औषध जठरातल्या आम्लातच मरतं. बंद केल्यावर दोनेक आठवडे आम्ल उसळून येतं. लोक तिथेच हरतात आणि म्हणतात "बघा, गोळीशिवाय जमतच नाही". तेवढे दिवस अँटासिडचं पातळ औषध वापरा, बाकीच्या गोळ्यांपासून दोन तास दूर. रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी, आणि पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा घालून सहा इंच उंची. नुसत्या जास्त उशा घेतल्या की पोट दुमडतं, उपयोग होत नाही.

गवतीचहा
एक जोड. तीन वर्षं पीपीआय आणि त्याहून जास्त मेटफॉर्मिन, दोन्ही बी१२ कमी करतात. पायाला मुंग्या आल्या की "शुगरमुळे" म्हणून नसांची गोळी सुरू करण्याआधी बी१२ मोजा.

नाचणी
+१

सुगरण_नव्हे
शुगरच्या तिहेरी गोळीवर कुणी बोललं नाही. माझा मुख्य आक्षेप तिथे आहे. संकष्टीला दिवसभर उपास, दुपारी थोडी खिचडी, चंद्रोदय रात्री नऊच्या पुढे. गोळीतलं ग्लिमेपिराइड मात्र दिवसभर इन्सुलिन ढकलत राहतं. एकटं मेटफॉर्मिन शुगर सहसा खाली पाडत नाही, ग्लिमेपिराइड पाडतं. किडनी मंद असेल तर जास्त वेळ. उपासाच्या दिवशी ग्लिमेपिराइड वगळून मेटफॉर्मिन ठेवायचं म्हटलं, तर एकाच गोळीत सगळं बांधलेलं. निवडच उरत नाही.

दुसरी गोष्ट. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं झालं आणि ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली, की आपण साखर देतो. व्होग्लिबोज नेमकी साखरेची फोड आतड्यात रोखतं. त्यामुळे साखरपाणी, पेढा, चॉकलेट यांचा परिणाम उशिरा येतो. व्होग्लिबोज घेणाऱ्यांच्या घरात ग्लुकोज पावडर हवी : साधारण १५ ग्रॅम, म्हणजे तीन सपाट चहाचे चमचे भरून, अर्ध्या पेल्या पाण्यात. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून ७० खाली असेल तर पुन्हा तेवढंच. सुधारल्यावर पोळी किंवा भात. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा.

ग्लुकोज पावडर नसेल तर साखरच द्या, पण जास्त वेळ सोबत बसा.

करवंद
पण गोळ्या कमी असल्या तर माणसं चुकत नाहीत. सहा सुट्या गोळ्या घेणार कोण?

सुगरण_नव्हे
बरोबर, आणि बीपीत मी तुमच्याच बाजूने आहे. एका औषधाचा डोस दुप्पट करण्यापेक्षा दोन औषधं कमी डोसात जोडली की बीपी जास्त उतरतं आणि पावलांची सूज वगैरे त्रासही कमी. तिथे डोस रोज तोच असतो. शुगरचा डोस जेवणावर हलतो, दुखण्याची गोळी लागेल तेव्हाच घ्यायची असते. तिथे घटक सुटे हवेत. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने १५६ एकत्रित औषधं बंद केली, त्यांत अ‍ॅसिक्लोफिनॅक ५० आणि पॅरासिटामॉल १२५ हीसुद्धा होती. दुकानात नेहमी मिळते ती १०० आणि ३२५ वेगळी.

केतकी_वन
सर्दीबद्दल. या बाईंना सर्दीची एकत्र गोळी नकोच. त्यातलं नाक मोकळं करणारं फिनाइलेफ्रिन बीपीला वाईट, क्लोरफेनिरामाइनने झोप आणि चक्कर, पुरुषांत प्रोस्टेट मोठं असेल तर लघवीच अडते. लिव्होसेटिरिझिन हे सर्दी-शिंकांचं औषध किडनीवाटे बाहेर पडतं. ईजीएफआर ४५ ला रोज ५ मिलीग्रॅम जास्त होतं, रात्री बाथरूमला जाताना तोल जातो. डोस कमी किंवा दिवसाआड. त्यासोबत येणाऱ्या माँटेलुकास्टचा साध्या सर्दीत उपयोग नाही, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये त्यावर मनावरच्या दुष्परिणामांचा सर्वांत कडक इशारा छापायला लावला. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, ताप असेल तर पॅरासिटामॉल, पुरे. अ‍ॅझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकने व्हायरल सर्दी एक दिवसही लवकर बरी होत नाही, उलट डोम्पेरिडोनसोबत ठोक्यांच्या लयीचा धोका वाढतो.

लघवीची आग असेल तर आधी लघवी तपासा, जमलं तर कल्चर (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) पाठवून मगच अँटिबायोटिक. इथे दोन सापळे. को-ट्रायमोक्साझोल टेल्मिसार्टनबरोबर पोटॅशियम चढवतं आणि ग्लिमेपिराइडबरोबर शुगर पाडतं. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिनही ग्लिमेपिराइडबरोबर शुगर पाडतात, शिवाय दबलेला टीबी काही दिवस झाकून निदान लांबवतात. साध्या मूत्राशयाच्या संसर्गात नायट्रोफ्युरँटॉइन पाच दिवस, ईजीएफआर ४५ च्या खाली गेला तर फॉस्फोमायसिन ३ ग्रॅमची एकच पुडी, रिकाम्या पोटी, रात्री लघवीला जाऊन आल्यावर पाण्यात विरघळवून. ताप, थंडी, कमरेत दुखणं असेल तर ही दोन्ही नकोत. तो संसर्ग वर किडनीकडे गेलेला असतो.

घाटमाथा
जुलाबात काय बंद करायचं?

नाचणी
दिवसाला पाच-सहा जुलाब किंवा सतत उलट्या आणि जेवण-पाणी नाही, तर हायड्रोक्लोरोथायझाइड, टेल्मिसार्टन आणि मेटफॉर्मिन खाणंपिणं सुरळीत होऊन २४ ते ४८ तास जाईपर्यंत थांबवायला सांगतात. ग्लिमेपिराइड न जेवता घ्यायचं नाहीच. ओआरएसची मोठी पुडी अख्खी एका लिटरमध्ये, निम्मी-निम्मी नाही. ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल ही जंतुनाशक जोडगोळी साध्या पाण्यासारख्या जुलाबात नको.

पाणकणीस
नाचणी, यात एक भीती आहे. हृदय कमकुवत असलेला माणूस हे वाचून स्वतःच पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी बंद करेल, किंवा बंद केलेली पुन्हा सुरू करायला विसरेल. हे आधीच डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घेतलेलं हवं : कुठली गोळी, कधी थांबवायची, कधी परत.

नाचणी
पूर्ण सहमत. नियम बरे असतानाच लिहून घ्यायचा. आणि टेल्मिसार्टन घेणाऱ्यांनी "बीपीसाठी चांगलं" म्हणून मिळणारं कमी सोडियमचं मीठ विचारल्याशिवाय वापरू नये, त्यात पोटॅशियम असतं. किडनी मंद असेल तर रोजचं शहाळंही त्याच हिशेबात धरा.

मापटं
आता नमुन्यातल्या बाईंकडे परत येतो. वरच्या उत्तरांवरून त्यांच्यासाठी असं दिसतं : अ‍ॅसिक्लोफिनॅक नाही, एटोरिकॉक्सिबही नाही. पूर्ण मात्रेत जेल, लागेल तेव्हा पॅरासिटामॉल ६५०, मांडीचा व्यायाम आणि कमोड. गुडघा लाल, गरम, सुजलेला असेल तर हे काहीच नाही, आधी डॉक्टर. डोम्पेरिडोन जाणार, पँटोप्रॅझोल उतरणार, शुगरच्या गोळ्या सुट्या होणार, बी१२ मोजणार.

एक शंका राहिली. तीव्र दुखण्यात तीन-चार दिवस तोंडाची गोळी द्यावीच लागली तर?

नाचणी
तर डॉक्टरांना पिशवी दाखवून. आधी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, सर्वांत कमी डोस, ३ ते ५ दिवस, पोटासाठी पँटोप्रॅझोल सोबत, भरपूर पाणी, उपास नाही. वरचेवर लागणार असेल तर हायड्रोक्लोरोथायझाइडऐवजी अ‍ॅम्लोडिपिन देता येईल का हे विचारावं, म्हणजे तिघांतला एक तरी कमी होतो. अ‍ॅम्लोडिपिनने पाऊल सुजलं तर त्यावर लघवीची गोळी मागू नका. ती सूज पाणी साठल्याची नसते, डोस कमी केल्याने उतरते. ट्रॅमाडॉल ही दुखण्याची गोळी हा सोपा मार्ग वाटतो, पण या वयात चक्कर, बद्धकोष्ठ, आणि शुगर खाली जाणं, तिन्ही होतं.

दशमी
आणि कुणी अशीच पट्टी आधीच आठ-दहा दिवस घेतली असेल तर?

नाचणी
आज बंद करा. या आठवड्यात क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, शक्यतो जुन्याच लॅबमध्ये, म्हणजे मागच्या आकड्याशी तुलना करता येते. वेळेत थांबलं तर बहुतेकदा आकडा मागे येतो. दोन आठवड्यांनी पुन्हा मोजून खात्री करा. लघवी एकदम कमी, दम लागणं, चेहऱ्यावर सूज यांतलं काही असेल तर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना.

खलबत्ता
आणि दुष्परिणाम झाला तर त्याची नोंद करा. भारताच्या औषध-दुष्परिणाम नोंदणीचा मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४. रुग्ण स्वतःही कळवू शकतो, डॉक्टरच हवा असं नाही. फोन करताना पट्टीचं ते नाव-बॅच असलेलं टोक हाताशी ठेवा.